आक्काच्या हातचा चहा

आमच्या कार्यशाळेत येणाऱ्यांना मी मुलं म्हणते खरी, पण त्यातल्या निम्म्यांच्या डोक्यात पांढरे केस आहेत. बुद्धीची वाढ हळू झाली म्हणून घरच्यांनी त्यांना जन्मभर लहान ठेवलं आणि ऐकून ऐकून आमच्याही तोंडात तेच बसलं. इस्लामपुरात दोन खोल्या आणि पुढे फरशीचं अंगण, एवढी ही कार्यशाळा. द्रोण-पत्रावळ्या करायच्या, फायली चिकटवायच्या, दिवाळीला पणत्या रंगवायच्या, अशी कामं चालतात. मी तिथे इतकी वर्षं शिकवते आहे की मंडईतसुद्धा माझा आवाज वर्गातलाच निघतो. कोथिंबिरीचा भाव विचारला तरी भाजीवाली सरळ होऊन बसते.

स्वभाव माझा तापट. तो शिकवून आलेला नाही, माहेरून आलेला आहे. एकदा पालक सभेत मी चिडून विचारलं, की ह्यांना सुबक पत्रावळ्या येतात, पण रस्ता ओलांडता येत नाही, गॅस बंद करता येत नाही, अनोळखी माणसाने हात धरला तर ओरडता येत नाही, मग आपण शिकवलं तरी काय? ज्याने तोंड उघडलं त्यानेच निस्तरायचं, हा आपल्याकडचा कायदाच आहे. त्यामुळे हे सगळं प्रत्यक्ष करून शिकवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं, आणि खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं.

गल्लीच्या तोंडाशी उभं राहून आम्ही रस्ता ओलांडायला शिकलो. उसाच्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात, पहिली गेली म्हणून पाऊल टाकायचं नाही, हे शिकायलाच पुष्कळ दिवस गेले. अंगणात सतरंजी पसरून आम्ही पेटलेले कपडे विझवायला लोळलो. त्यात मीही लोळले, आणि उठताना मला दोघांनी ओढून काढलं. पण गॅसचं नाव काढलं की पालक मागे सरत. ‘आमची गॅसजवळ जातच नाही,’ असं प्रत्येक आई अभिमानाने सांगायची.

आक्काची आईही त्यातलीच. आक्का आमच्याकडे येऊ लागली तेव्हा तिशी ओलांडून गेली होती. पाठच्या भावाची थोरली बहीण, म्हणून घरात आणि सगळ्या गल्लीत ती आक्का. हाक मोठ्या बहिणीची, पण तो मान तिला कुणी दिला नव्हता. तिला ताट वाढून मिळे, केस विंचरून मिळत, कुणी पाहुणा आला की तिला आत बसवत. ती बोलायची कमी. नजर मात्र फार बारीक. तोंडाने सांगितलेलं तिच्या कानावरून जाई, पण कुणी हाताने केलेलं एकदा पाहिलं की ती ते तस्संच करी. पत्रावळी लावताना मी मध्येच नाक खाजवलं होतं, तर पुढे कितीतरी दिवस तिची प्रत्येक पत्रावळी नाक खाजवल्याशिवाय पुरी होत नसे.

एका सकाळी तिची आई तिला घेऊन वडापच्या जीपमधून उतरली आणि नेहमीसारखी परत न जाता दारातच बसली. मी त्यांना मावशी म्हणते. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा सैन्यात, घरात त्या आणि आक्का दोघीच. मावशी कधी रडणाऱ्यातल्या नव्हेत, पण त्या दिवशी डोळे सुजलेले होते.

“बाई, पोरगं म्हणतंय, आक्काला वसतिगृहात ठेवूया. शिरवळच्या बाजूला हाय म्हणं. ऊस तुटायच्या टायमाला सुट्टीवर येतुया, तवा तिला घिऊनच जायाचं म्हणतंय.”

कारण त्यांनीच सांगितलं. थंडीत त्यांना ताप भरला होता. सकाळी डोळ्यांपुढे अंधारी आली, त्या अंथरुणावर पडल्या त्या दिवसभर उठल्याच नाहीत. आक्का त्यांच्या पायाशी बसून राहिली. घरात दूध होतं, पीठ होतं, साखर होती. पण गॅसला हात लावायचा नाही, ही आईची ताकीद. ती तिने मोडली नाही. संध्याकाळी शेजारचे चुलते डोकावले तेव्हा मायलेकी दोघीही उपाशी होत्या, आणि आईच्या अंगावर घरातली होती नव्हती तेवढी पांघरुणं घातलेली होती.

मुलाचं म्हणणं चूक नव्हतं. आज उपाशी बसली, उद्या भुकेने गॅस पेटवायला गेली तर काय, असं तो फोनवर म्हणाला होता. इतक्या लांब बसून त्याने तरी काय करायचं? मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही, म्हणून मी मावशींवरच चिडले.

“इतकी वर्षं तिला लायटर दाखवला नाहीत. आता रडून काय होणार?”

“आवं बाई, चुकलंच माझं,” त्या म्हणाल्या. “पर मला न्हाई गमायचं तिच्याबिगर. आन तिला तर न्हाईच न्हाई. निस्ता चहा तरी शिकवा. पोराला दावता यील.”

त्याच आठवड्यात मी घरची जुनी शेगडी कार्यशाळेत आणली. नॉबवर माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. ठिपका वर म्हणजे बंद, बाजूला म्हणजे चालू. सुरुवातीला सिलिंडरही नव्हता आणि दूधही नव्हतं. रिकाम्या पातेल्यात खोटा चहा उकळायचा, खोटा गाळायचा, आणि प्यायचाही खोटा. आमचा एक पठ्ठ्या तो फुंकून फुंकून प्यायचा आणि साखर जास्त झाली म्हणून तक्रार करायचा. आक्का हसायची नाही. कपाळाला आठी घालून ठिपक्याकडे बघत राहायची.

वासाचा धडा सगळ्यात अवघड होता. एजन्सीचा मेकॅनिक बोलावून, उघड्या अंगणात, त्याच्याच हाताने जरासा गॅस सोडून मी सगळ्यांना तो वास ओळखायला लावला. वास आला की ठिपका वर, मग रेग्युलेटर बंद, मग दारं-खिडक्या उघडायच्या आणि बाहेर यायचं. दिव्याच्या, पंख्याच्या बटणाला हात लावायचा नाही, कारण बटणाच्या ठिणगीनेही भडका उडतो. हे नुसतं सांगून कुणाला पटत नव्हतं. म्हणून मी बटणापाशी उभी राहिले आणि ज्याचा हात पुढे येईल त्यावर हलकी चापट द्यायला लागले. मग पाळी बदलली. त्यांनी एकेकाने बटणापाशी उभं राहायचं, मी हात पुढे करायचा आणि त्यांनी मला चापट द्यायची. ती संधी कुणी म्हणून सोडली नाही. काहींनी तर जुना राग काढून घेतला असावा.

पहिल्यांदा खरा गॅस पेटवला त्या दिवशी आक्काचा चहा छान उकळला. तिने ठिपका वर आणला. मी तोंडभरून शाबासकी देणार, तेवढ्यात तिने ओढणीची दोन्ही टोकं हातांभोवती गुंडाळली आणि गरम पातेलं उचललं. सांडशी शेजारीच पडलेली. ओढणीचं एक टोक सुटून शेजारच्या, दुसऱ्याच्या चहासाठी पेटलेल्या बर्नरवरून लोंबत होतं. मी अशी किंचाळले की शेजारच्या टेलरने मशीन थांबवलं. बर्नर मी बंद केला, पातेलं तिने खाली ठेवलं, आणि माझं काय बिनसलं ते न कळून ती माझ्याकडे बघत राहिली. वर्गात मी दहादा सांडशी दाखवली होती. पण घरी जन्मभर तिने आईला पदराने भांडं उतरवताना पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना दारातच अडवलं आणि त्यांचा पदर हातात घेऊन बघितला. एक कोपरा करपून तपकिरी झालेला होताच.

“हे काय?”

“जल्म गेला बाई असंच उतरवत. पदर काय लगीच पेट घेतुया व्हय?” मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, “तुमचा बघू.”

माझ्या अंगात सुदैवाने पंजाबी ड्रेस होता.

मग मी मावशींनाही वर्गात बसवलं. इतकी वाईट विद्यार्थिनी मला आजवर मिळालेली नाही. पदर कमरेला खोचून उभ्या राहायच्या, सांडशी हातात घ्यायच्या, आणि पातेलं उतरवायची वेळ आली की सांडशी ओट्यावर ठेवून पदर सोडायच्या. सगळा वर्ग ओरडायचा, “मावशी, पदर!” त्या जीभ चावायच्या. “हात ऐकत न्हाई ओ,” म्हणायच्या. एक दिवस आक्का उठली, आईच्या हातातून पदराचं टोक काढून घेतलं, कमरेला नीट खोचलं, आणि सांडशी आईच्या मुठीत देऊन वरून स्वतःची मूठ दाबून धरली. दोघींनी मिळून पातेलं उतरवलं. मावशी त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या सांगतच, की आता घरीसुद्धा सांडशीच घेते, पण पाहुण्याच्या स्वयंपाकघरात असल्यासारखं वाटतं.

पुढे त्यांच्या घरच्या शेगडीलाही मी लाल ठिपका दिला आणि आक्का घरी रोज दुपारचा चहा करू लागली. मावशी शेजारी उभ्या राहायच्या, मग दोन पावलं मागे, मग उंबऱ्यात. उंबऱ्याच्या बाहेर जायचं धाडस मात्र त्यांना होईना. ऊस तुटायला लागला होता. रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग दिसली की मुलाच्या सुट्टीला किती दिवस उरले ते मी मोजायचे.

मुलगा आला. मावशींचा फोन आला, “रविवारी या बाई. तुमी असल्याबिगर माझं काळीज ठिकाणावर राहायचं न्हाई.” मी स्कूटरवरून त्यांच्या गावी गेले. मुलगा उंच, बोलायला मऊ, मला मॅडम म्हणणारा. मी बसताच त्याने माझ्यामागचा पंखा लावला आणि मग शांतपणे विचारलं, “मॅडम, एक दिवस चहा केला म्हंजे झालं का?”

“ती रोज करते. तुम्ही एक दिवस बघताय,” मी म्हणाले. जरा जोरातच म्हणाले.

ठरलं होतं ते असं: आक्का स्वयंपाकघरात एकटी. तिचा भाऊ आणि मी पुढच्या खोलीत, सोप्यात. मावशींनी बाहेर अंगणात खुर्चीवर बसायचं आणि काहीही झालं तरी उठायचं नाही. त्या बसल्या, पण बसल्या म्हणायचं एवढंच. हात सारखे खुर्चीच्या दांड्यांवरून फिरत होते. आतून लायटरचा आवाज आला, मग पातेलं ठेवल्याचा. भाऊ कान देऊन ऐकत होता. मला तर देवळात बसल्यासारखं वाटत होतं, आणि मी देवाचं फारसं करणारी बाई नव्हे.

तेवढ्यात शेजारचे चुलते अंगणात आले. उन्हातून, रानातून आलेले. दारात आलेल्या माणसाला आधी पाणी, मग बोलणं, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. मावशींना उठायला बंदी होती. त्यांनी सवयीने हाक दिली, “आक्का, पाणी आण गं!”

आणि आक्का आली. तांब्या भरून, दोन्ही हातांनी धरून, ओढणी खोचून. ह्या घरात पहिल्यांदाच तिला कुणी पाहुण्याला पाणी द्यायला सांगितलं होतं. चुलत्यांनी कौतुकाने विचारलं, “काय आक्का, चहा करतीस व्हय?” आणि ते सावकाश पाणी प्यायला लागले. पिणाऱ्याने तांब्या परत दिल्याशिवाय हलायचं नसतं. ती हलली नाही. आत चहा मोठ्या आचेवर होता. ‘बाहेर जाताना आच बंद’ हे मी तिला शिकवलेलंच नव्हतं, कारण ती पाहुण्याला पाणी द्यायला जाईल असं माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

चर्र आवाज आला. चहा उतू जाऊन बर्नरवर सांडला, जाळ विझला, आणि थोड्याच वेळात तो वास सोप्यापर्यंत आला. भाऊ पहिला उठला. स्वयंपाकघरात उजेड कमी होता. दारातून आत शिरता शिरता त्याचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला. मी त्याच्या मागेच होते, ओरडायला तोंड उघडतच होते. अंगणातून आत येऊन, मला बाजूला ढकलून आक्का पुढे आली आणि त्या हातावर तिने फाडकन चापट मारली.

“बटन न्हाई!”

तिचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तिने वाकून बघितलं, ठिपका वर आणला. खाली बसून रेग्युलेटर बंद केला. खिडकी उघडली, मागचं दार उघडलं. मग वळून दोन्ही हातांनी आम्हाला लोटायला लागली, आधी भावाला, मग मला. “भायेर! समदी भायेर!” चुलते आधीच बाहेर होते, तरी त्यांनाही तिने आणखी लांब, पार गोठ्यापर्यंत नेऊन उभं केलं. त्यांच्या हातात तांब्या तसाच होता.

मग ती परत येऊन दारात हात आडवे धरून उभी राहिली. आत भावाचा फोन वाजला. तो पुढे सरकला तशी ती म्हणाली, “थांब.” तो थांबला. सुट्टीवर आलेला फौजी आपल्याच अंगणात अनवाणी, ताठ उभा.

मावशींचा धीर मात्र सुटला. “माझंच चुकलं रं. मीच तिला पाणी आणाय सांगितलं. चहा सोडून ती आपणहून न्हाई आली. नगं नेऊस तिला,” असं त्या परत परत म्हणत होत्या. सगळं हातचं गेलं असंच मला वाटलं.

भाऊ आपल्या हाताकडे बघत होता. “आमच्या पलटणीच्या सैपाकघरात, लंगरमध्ये, रोज शिलिंडर बदलत्यात मॅडम,” तो म्हणाला. “मला समदं ठावं हाय. तरी हात बटनाकडंच गेला.” मग आईकडे वळून म्हणाला, “आये, रडू नगस. हिला कुठं न्यायची? हिला नेल्यावर तुला कोण बघणार?”

मावशींना ते लगेच कळलंच नाही. त्याला पुन्हा सांगावं लागलं, की शिरवळला फोन करून जागा नको म्हणून कळवतो, आक्का इथंच राहील. मी दुसरीकडे तोंड फिरवून स्कूटरच्या आरशात बघत बसले. आनंद झाला की माझं नाक गळतं, त्याला इलाज नाही.

आत जाऊन वास घेऊन आल्यावरच आक्काने आम्हाला आत सोडलं. सांडलेलं पुसून घेतल्यावर मी राहिलेला धडा तिथंच दिला: आच बंद करायची, पाणी द्यायचं, परत यायचं. ते दोनदा करून दाखवल्यावर तिने मला हाताने बाहेर घालवलं आणि नव्याने आधण ठेवलं.

चहा आला. आधी चुलत्यांना, मग भावाला, मग मला. रीत तिने बघून ठेवलेली होतीच. कप वाटून झालेले बघून मावशी उठल्या आणि स्वयंपाकघराकडे निघाल्या. त्यांचा चहा म्हणजे पातेल्याच्या तळाला उरेल तेवढा, ओट्याशी उभ्या उभ्या प्यायचा. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून त्यांनी तो तसाच प्यायला होता. आक्का आतून कप घेऊनच येत होती. तिने आईच्या खांद्याला हात लावून तिला खुर्चीवर परत बसवलं आणि बशीसकट कप हातात दिला. मावशी त्या कपाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी बशीत ओतून, फुंकून, सावकाश सगळा चहा प्यायला. त्यात साखर कमी होती. चुलते तसं म्हणालेही. मावशींनी रिकामा कप लेकीपुढे धरून आणखी मागितला.